हजारामागे किती?

इंटरनेटवरून पैसे कमवायचे तर आधी पोस्टमनची वाट पाहावी लागते, हे नवख्यांना खोटं वाटतं. गूगलच्या ‘ॲडसेन्स’ योजनेत आपल्या साइटवर जाहिराती लावल्या आणि खात्यात पहिले १० डॉलर जमले, की गूगल घरच्या पत्त्यावर एक कागदी पत्र धाडतं. आत सहा आकडी पिन असतो. तो खात्यात भरला की पत्ता खरा ठरतो. पत्र साध्या टपालानं येतं. दोन-चार आठवडे सहज जातात. ‘मारुतीच्या देवळामागं, ग्रामपंचायतीशेजारी’ असा पत्ता असेल तर ते वाटेतच हरवण्याची शक्यता मोठी. मग पुन्हा मागवायचं, पुन्हा वाट पाहायची. चार महिन्यांत पिन भरला गेला नाही तर जाहिराती दिसायच्या थांबतात. नव्या यूट्यूबरांच्या गप्पांत ‘पिन आला का?’ हा प्रश्न इतक्या काळजीनं विचारला जातो तो यामुळे.

पिन आला म्हणजे पैसे आले असंही नाही. खात्यात १०० डॉलर साठेपर्यंत गूगल पैसे सोडत नाही. साठले, की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान ते पाठवले जातात. ऐकायला १०० डॉलर फार वाटत नाहीत. पण जरा हिशेब करू. आकडे केवळ समजण्यापुरते धरतो. समजा, एखाद्या मराठी साइटची पानं हजार वेळा उघडली गेली की तिला ४० रुपये मिळतात, आणि डॉलर आहे ८५ रुपयांचा. तर १०० डॉलरसाठी ती पानं २ लाख १२ हजार ५०० वेळा उघडली जायला हवीत. ज्या भाषेत कथासंग्रहाची हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, त्या भाषेत हा आकडा डोळे फिरवणारा आहे. शिवाय तो गाठला तर हाती येणार साडेआठ हजार रुपये. त्यात साइटचं भाडं, डोमेनचे पैसे, मोबाइलचा रिचार्ज आणि लिहिणाऱ्याचा वेळ.

या धंद्यातली सगळी गणितं अशी ‘हजारामागे’ चालतात. हजार वेळा जाहिरात दिसली तर जाहिरातदार किती देतो, हा एक दर. हजार पानांमागे किंवा हजार व्ह्यूजमागे आपल्या हाती काय पडलं, हा दुसरा. दुसऱ्याला सगळे ‘आरपीएम’ म्हणतात. तो रोज बदलतो आणि रोज पाहिला जातो. हा दर कोण ठरवतं, हे मात्र पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसतं.

सुरुवातीला तो माणसं ठरवत. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘वायर्ड’ मासिकाच्या ‘हॉटवायर्ड’ या साइटवर पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या. त्यातली सर्वांत गाजलेली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. इथं कधी माउसनं क्लिक केलं आहे का, नसेल तर कराल, अशा अर्थाचा मजकूर त्या रंगीत पट्टीवर होता. पाहणाऱ्या शंभरातल्या चाळीसहून अधिक जणांनी खरंच क्लिक केलं, असं तेव्हापासून सांगितलं जातं. आज शंभरात एकानं क्लिक केलं तरी साइटवाला खूश होतो. १९९८ मध्येच बेनवे आणि लेन या दोन संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की वाचकाचे डोळे बॅनर टाळायला शिकले आहेत. ठळक पट्टीत हवी ती माहिती लिहिली असली तरी लोकांना ती दिसत नाही. म्हणजे हे माध्यम चार वर्षांचं होईतो त्यावरची जाहिरात अदृश्य व्हायला लागली होती.

‘हॉटवायर्ड’चा सौदा जुन्या पद्धतीचा होता. मासिकाचं पान विकावं तशी पट्टी विकलेली, इतक्या आठवड्यांना इतके डॉलर. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या कंपनीनं शोधशब्दांचा लिलाव सुरू केला. जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात वर, आणि क्लिक झालं तरच पैसे. गूगलनं २००० साली ‘ॲडवर्ड्‌स’ आणलं, पुढे तेही क्लिकच्या लिलावावर आलं, आणि २००३ मध्ये ‘ॲडसेन्स’मधून हा लिलाव गूगलबाहेरच्या कुणाच्याही साइटवर नेऊन ठेवला. घरबसल्या कमाईचं स्वप्न त्या वर्षी जन्मलं. ते खोटं नव्हतं. इंग्रजीत कॅमेऱ्यांवर, कर्जांवर, आजारांवर लिहिणाऱ्या अनेकांनी त्यावर घरं चालवली.

लिलाव म्हटलं की आपल्याला लासलगाव आठवतं. कांद्याची ट्रॉली उभी, भोवती व्यापारी, बोली चढते आणि शेतकरी शेजारी उभा राहून ती ऐकतो. भाव पडला तर तो निदान कुणावर तरी ओरडू शकतो, लिलाव बंद पाडू शकतो. वेबसाइटच्या पानावरचा लिलाव सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकतो. तुम्ही बातमी उघडता आणि अक्षरं दिसण्याआधी तुमचं शहर, तुमचा मोबाइल, तुम्ही काल काय शोधलं होतं, अशा खुणा बाजारात मांडल्या जातात, यंत्रं बोली लावतात आणि जिंकणाऱ्याची जाहिरात येऊन बसते. साइटवाला या लिलावात कुठेच उभा नसतो. त्याला संध्याकाळी एकच आकडा दिसतो.

आणि माल कोणता विकला जातो, हेही त्याला उशिरा उमगतं. त्याला वाटत असतं, आपला लेख विकला जातोय. विकला जात असतो वाचक. एकच पान पुण्यात मोटारीचं कर्ज शोधणाऱ्या माणसानं उघडलं तर त्याला एक भाव, नंदुरबारच्या कॉलेजातल्या मुलानं उघडलं तर दुसरा. विमा, कर्ज, शेअर बाजार, परदेशी शिक्षण या विषयांवर बोली लावणारे पुष्कळ आणि श्रीमंत. कवितेवर, किल्ल्यांवर, ग्रामीण कथेवर बोली लावणार कोण? चपला विकणारा लावेल, गेमवाला लावेल. दर खाली जातो तो इथं, लेखाच्या दर्जाशी त्याचा संबंध अगदी थोडा.

मराठीचं दुखणं याच लिलावात आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांहून अधिक होते. हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसरा क्रमांक. २०१६ मध्ये ‘जिओ’ आल्यावर यातले कोट्यवधी लोक ऑनलाइन आले. वाचक-प्रेक्षकांची टंचाई नाही. पण मोठ्या शहरांतल्या जाहिरात कंपन्यांमध्ये एक जुना समज आहे: खिशात पैसे असलेला माणूस इंग्रजी वाचतो, उरलेल्यांसाठी हिंदी पुरते. त्यामुळे मराठी पानावर मराठी जाहिरात क्वचित दिसते. दिसते ती इंग्रजी किंवा हिंदी, आणि तीही कुणाला नको असलेली शिल्लक जागा म्हणून स्वस्तात घेतलेली. ‘ॲडसेन्स’च्या अधिकृत भाषांच्या यादीत हिंदी २०१४ च्या अखेरीस आली, मराठीला त्यानंतरही काही वर्षं ताटकळावं लागलं. मराठी ब्लॉगचा जो बहराचा काळ होता, तो या यादीबाहेरच सरून गेला.

मराठीतले दिवाळी अंकही जाहिरातींवर उभे आहेत, तेव्हा त्यांच्या अर्थकारणाकडे पाहायला हरकत नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली असं मानतात. शंभराहून अधिक वर्षं मराठी साहित्याचा मोठा भाग या अंकांनी छापला, आणि त्याचा खर्च उचलला सराफांनी, सहकारी बँकांनी, साखर कारखान्यांनी, बिल्डरांनी, क्लासवाल्यांनी. त्यातल्या कित्येक जाहिराती काही विकतच नाहीत. वर समई, मधे ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’, खाली चेअरमन आणि संचालक मंडळाची नावं. याला किती जणांनी पाहिलं, पाहून कितींनी ठेवी ठेवल्या, असा प्रश्न कुणी विचारत नाही. संपादक दरवर्षी गणपतीच्या सुमारास फोन करतो, चेअरमन कुरकुरतो आणि अर्धं पान देतो. हा व्यवहार भिडेवर चालतो. मराठी नियतकालिकांचा सगळ्यात भरवशाचा जाहिरातदार म्हणजे भीड, असं म्हटलं तर कुणा संपादकाला राग येऊ नये.

लिलावात भीड नाही. यंत्र चेअरमनना ओळखत नाही. नुकसान एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, कारण भिडेबरोबर बरीच लाचारीही गेली. खरं नुकसान निराळं आहे. कोल्हापूरच्या सराफाला आता मराठी पान विकत घेण्याचं कारणच उरलेलं नाही. तो फेसबुक-इन्स्टाग्रामवर दुकानाभोवतीचं वीस किलोमीटरचं वर्तुळ आखतो, वय निवडतो, लग्न ठरलेल्यांपर्यंत पोचेल असं काहीतरी निवडतो, रोजचे पाचशे रुपये ठरवतो आणि जाहिरात सोडतो. त्याला हवी असलेली माणसं तीच, कालपर्यंत स्थानिक दैनिकाची वाचक असलेली. मधलं दैनिक तेवढं गळालं. जाहिरात मराठीत आहे, देणारा मराठी, पाहणारा मराठी, आणि मराठीत काही लिहिणाऱ्या-दाखवणाऱ्याच्या हाती त्यातला रुपयाही पडत नाही. ‘मराठीला जाहिराती नाहीत’ ही तक्रार म्हणून मला अर्धवट वाटते. मराठी माणसांना उद्देशून केलेल्या जाहिराती भरपूर आहेत. त्यांना मराठी मजकुराची गरज उरलेली नाही.

फिक्की-ईवायच्या अहवालानुसार २०२४ मध्ये डिजिटल माध्यमांनी टीव्हीला मागे टाकलं आणि भारतातल्या डिजिटल जाहिरातींची उलाढाल ७० हजार कोटी रुपयांच्या आसपास गेली. एवढा पैसा आहे तर तो जातो कुठे, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर अल्फाबेटच्या, म्हणजे गूगलच्या मूळ कंपनीच्या, ताळेबंदात सापडतं. गूगल सर्चवरच्या जाहिरातींचं उत्पन्न २०२२ मध्ये सुमारे १६२ अब्ज डॉलर होतं, ते २०२४ मध्ये १९८ अब्ज झालं. ज्या खात्यात इतरांच्या साइट आणि ॲपवरच्या जाहिराती मोडतात, ज्यातून साइटवाल्याला वाटा मिळतो, ते ‘नेटवर्क’ खातं त्याच काळात ३२.८ अब्जांवरून ३०.४ अब्जांवर उतरलं. स्वतःच्या अंगणातला धंदा वाढतोय, दुसऱ्याच्या अंगणातला आटतोय. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्चच्या माथ्यावर एआयनं रचलेली तयार उत्तरं भारतातही दिसू लागली. पोह्याचे पापड कसे करायचे हे तिथंच कळलं, तर पापडांवर लिहिणाऱ्या साइटवर जाणार कोण?

वाट्याचा हिशेब कागदावर वाईट नाही. ‘ॲडसेन्स’मध्ये जाहिरातदाराच्या पैशातले ६८ टक्के साइटवाल्याला मिळतात, असं गूगलनं २०१० मध्ये जाहीर केलं. २०२३ च्या अखेरीस मांडणी बदलण्याची घोषणा झाली. क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे, आणि खरेदीच्या बाजूचं शुल्क वजा झाल्यावर उरलेल्यातले ८० टक्के. गूगलच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी पुन्हा ६८ च्या घरातच येते. पण हा सरळ रस्ता झाला. मोठ्या वृत्तसंस्थांच्या साइटवर येणारी जाहिरात अनेक कंपन्यांच्या हातातून जाते, आणि अडत-हमाली-तोलाई कापावी तसा प्रत्येक जण आपला हिस्सा कापतो. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेनं ‘पीडब्ल्यूसी’कडून २०२० मध्ये पैशाचा माग काढून घेतला. साइटपर्यंत पोचले ५१ टक्के. त्याहून मोठी मौज म्हणजे १५ टक्के रक्कम गेली कुठे, हे या निष्णात हिशेबनिसांनाही सांगता आलं नाही.

मघाच्या बाजार समितीत एक गोष्ट आणखी कल्पून पाहा. शेतकऱ्याचा अडत्या, व्यापाऱ्याचा दलाल आणि लिलाव पुकारणारा हे तिघं एकाच घरचे आहेत. गूगलनं २००८ मध्ये ‘डबलक्लिक’ची खरेदी पूर्ण केली, ३.१ अब्ज डॉलरना, तेव्हापासून जाहिरातींच्या बाजारात जवळपास हीच स्थिती आहे. साइटवाला जागा मांडतो ते सॉफ्टवेअर गूगलचं, बोली लागते तो बाजार गूगलचा, आणि असंख्य जाहिरातदार खरेदी करतात ते साधनही गूगलचं. १७ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिनियातल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी यातल्या पहिल्या दोन ठिकाणी गूगलनं बेकायदा मक्तेदारी चालवल्याचा निकाल दिला. तिसरा आरोप फेटाळला. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं याच व्यवसायासाठी २.९५ अब्ज युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडे वृत्तपत्रांच्या डिजिटल आवृत्त्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता. कोर्टात गूगल जिंको वा हरो, ‘डॅशबोर्ड’वर रोज संध्याकाळी उमटणारा आकडा त्यामुळे लगेच बदलेल अशी आशा साताऱ्यातल्या साइटवाल्यानं ठेवू नये.

चोरही या बाजारात आहेत, आणि ते मोठ्या हिमतीचे आहेत. २०१६ मध्ये ‘मेथबॉट’ नावाचं प्रकरण उघडकीला आलं. रशियन टोळीनं डॅलससह काही ठिकाणी सुमारे दोन हजार सर्व्हर भाड्यानं घेतले, सहा हजारांवर प्रतिष्ठित साइटची नावं वापरून खोटी पानं उभी केली, आणि यंत्रांनाच ती ‘बघायला’ बसवलं. यंत्रं माउस हलवत, स्क्रोल करत, मधूनच व्हिडिओ थांबवत. माणूस एकही नाही. म्होरक्या अलेक्झांडर झुकोव्हला २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं दहा वर्षांची शिक्षा दिली. अशा चोरांच्या धास्तीनं जे पहारे बसले, त्यांत सापडतो मात्र भलताच कुणी. आपल्या मित्रानं साइट काढली, त्याचं भलं व्हावं, म्हणून दहा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप ठरवून रोज जाहिरातींवर क्लिक करतो. दिवाळी अंकाच्या चेअरमननी करावा तसाच हा स्नेहाचा व्यवहार. गूगलच्या लेखी तो बनावट क्लिकचा गुन्हा. खातं बंद होतं, साठलेले पैसे जाहिरातदारांना परत जातात, आणि दाद मागायची ती एका फॉर्ममध्ये. समोर माणूस नाही.

दर पडले की साइटवाला काय करतो? जाहिराती वाढवतो. दोन परिच्छेदांमागे एक, तळाशी चिकटलेली एक, पान उघडताच अंगावर येणारी एक. मोबाइलवर मराठी बातमी वाचायची म्हणजे आधी तो बारीकसा फुलीचा चौकोन शोधायचा. मथळे ‘…वाचून थक्क व्हाल’ या वळणाचे होतात. एका वाक्याची बातमी आठ पानांच्या फोटोगॅलरीत ताणली जाते, कारण आठ पानं म्हणजे आठ लिलाव. राशिभविष्य रोज तीनदा. वाचक वैतागून ॲडब्लॉकर लावतो किंवा येतच नाही, दर आणखी पडतात. मराठी वृत्तसाइटच्या अवनतीबद्दल पत्रकारांना दोष द्यायची पद्धत आहे. त्यांचा दोष असेलही, पण मी आधी आरपीएम पाहीन. शिवाय ज्या बातम्या मराठीत नीट यायला हव्यात, शेतकरी आत्महत्या, जातीय दंगली, बलात्काराचे खटले, त्या पानांवर जाहिरातदार यायला तयार नसतो. त्याला आपला साबण रक्तामांसाशेजारी नको असतो. नको असलेल्या शब्दांच्या याद्या यंत्राला दिलेल्या असतात. गंभीर बातमीला मिळणारा भाव वडापावच्या दहा ठिकाणांपेक्षा कमी असतो तो असा.

लिहिणारे थकले, तेव्हा दाखवणारे पुढे आले होते. यूट्यूबनं २००७ मध्ये व्हिडिओ टाकणाऱ्यांना जाहिरातीत वाटा द्यायला सुरुवात केली. लांब व्हिडिओंना ५५ टक्के. पूर्वी दार सताड उघडं होतं. २०१८ पासून हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं, ही अट आली. ‘चॅनल मॉनेटाइज झालं’ म्हणून गावात पेढे वाटले जातात ते ही अट पार पडल्यावर. मराठीनं इथं खरंच मोठी मजल मारली. मधुरा बाचल यांनी अमेरिकेत असताना २००९ मध्ये पाककृतींचे व्हिडिओ सुरू केले. आज त्यांचं मराठी चॅनल घराघरात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे ‘आपली आजी’ म्हणून चुलीपुढे बसल्या आणि लाखो लोकांनी त्यांची पावभाजी पाहिली. २०२० मध्ये त्यांचं चॅनल हॅक झालं होतं, तेव्हा आजींइतकेच प्रेक्षकही कासावीस झाले. पुढे ते परत मिळालं. एक पासवर्ड गेला की कमाईचं साधनच जातं, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा समजलं. ‘भारतीय डिजिटल पार्टी’ म्हणजेच ‘भाडिपा’नं २०१६ पासून ‘कास्टिंग काउच’सारख्या मालिकांतून शहरी मराठी तरुण यूट्यूबवर ओढून आणला.

इथंही हजारामागचा भाव प्रेक्षक कुठे बसलाय यावर ठरतो. पुरणपोळीचा तोच व्हिडिओ न्यू जर्सीत पाहिला गेला तर लातूरपेक्षा कितीतरी जास्त देऊन जातो. पाककृतींची, भाषेची, सणवारांची मराठी चॅनलं ज्यांच्यामुळे जरा बरी चालतात, त्यांत परदेशस्थ मराठी प्रेक्षक आहे. त्याचीही एक मेख आहे. २०२१ पासून अमेरिकन प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. गूगलनं याचं उदाहरण देताना योगायोगानं भारतातलाच यूट्यूबर घेतला होता. महिन्याची कमाई १,००० डॉलर, त्यातले अमेरिकेतले १००. फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराची सवलत मागितली तर १५ डॉलर कापले जातात. फॉर्मच भरला नाही तर सगळ्या हजारावर २४ टक्के, म्हणजे २४० डॉलर. चुलीवर मडकं चढवणाऱ्या बाईला अमेरिकन आयकराचा ‘डब्ल्यू-८ बेन’ फॉर्म माहीत असावा लागतो, असा हा काळ आहे.

प्रेक्षक जसा लहान व्हिडिओंकडे वळला तशी कमाई आणखी पातळ झाली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तिथली ग्रामीण मराठी मंडळी रील आणि शॉर्ट्‌सवर विखुरली. यूट्यूबनं फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्‌समध्ये वाटा द्यायला सुरुवात केली, ४५ टक्के, पण तोही सगळ्यांचे पैसे एका हंड्यात ओतून, गाण्यांचे हक्क वजा करून, मग व्ह्यूजप्रमाणे वाटलेला. दहा लाख व्ह्यूज मिळवून मोबाइलचा हप्ता निघत नाही, असं या क्षेत्रातले लोक सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती दिसत नाही.

जाहिरातदारांची लहर तर कुणाच्याच हातात नाही. २०१७ च्या सुरुवातीला लंडनच्या ‘द टाइम्स’नं दाखवून दिलं, की मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती यूट्यूबवर दहशतवाद्यांच्या व्हिडिओंआधी लागताहेत. कंपन्यांनी धडाधड जाहिराती काढल्या. त्यात एटी अँड टी होती, तीच पहिल्या बॅनरवाली. यूट्यूबनं नियम आवळले, आणि ज्यांचा दहशतवादाशी दुरूनही संबंध नव्हता अशा हजारो चॅनलांच्या व्हिडिओंपुढे डॉलरचं पिवळं चिन्ह आलं: जाहिराती मर्यादित.

म्हणून मराठीतली शहाणी मंडळी जाहिरातीच्या वाट्याकडे कमाई म्हणून पाहणं केव्हाच सोडून बसली आहेत. तो चहापाण्याचा खर्च. कमाई येते ती थेट ब्रँडकडून. मालिकेतल्या आईच्या हातात मसाल्याचं पाकीट देऊन, व्हिडिओच्या मध्यात दोन मिनिटं ॲपची स्तुती करून. इथं पुन्हा फोन आहे, ओळख आहे, घासाघीस आहे. दिवाळी अंकाच्या संपादकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. छोट्यांना पैशाऐवजी वस्तू मिळते, त्याला ‘बार्टर’ म्हणतात. जुलै २०२२ पासून आयकराच्या नियमाप्रमाणे वर्षाला २० हजारांवरच्या अशा लाभावर १० टक्के कर कापला जातो, म्हणजे फुकट मिळालेल्या मोबाइलसाठीही खिशात हात घालावा लागू शकतो. जाहिरातींची स्वयंनियामक संस्था ‘आस्की’नं २०२१ मध्ये नियम केला, की पैसे घेऊन केलेली स्तुती जाहिरात म्हणून स्पष्ट सांगितली पाहिजे. मराठी चॅनलांवर हा नियम किती पाळला जातो ते प्रत्येकानं स्वतःच्या मोबाइलवर पाहावं. माझं मत फारसं चांगलं नाही.

उरलेल्यांनी स्वतःच काहीतरी विकायला घेतलं. मधुरा बाचल यांनी मसाल्यांचा ब्रँड काढला. ‘भाडिपा’नं तिकिटं लावून स्टँडअपचे कार्यक्रम केले. कुणी क्लास चालवतं, कुणी पैठण्या विकतं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या नोट्‌स, कुणी कोकणातला आंबा. प्रेक्षकांचा विश्वास जाहिरातदाराला हजारामागे विकण्यापेक्षा आपणच वापरलेला बरा, हा हिशेब अगदी खरा आहे. पण आपले सबस्क्रायबर आपल्या सगळ्या पोस्ट पाहतात असं नाही; ते यंत्र ठरवतं. माल गोदामात पडून राहतो, आणि मग एके दिवशी चॅनलवाला गूगलचं दुसरं खातं उघडतो, जाहिरात देणाऱ्याचं. फेसबुकवरही उघडतो. तिथं हजारामागचा दर त्याला द्यायचा असतो. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत सगळे ब्रँड बोलीला उतरतात तेव्हा दर वर्षभरात सर्वांत चढे असतात. इतकी वर्षं या दिवसांत आरपीएम वाढला की तो खूश व्हायचा. यंदा मसाल्याचं एक पाकीट विकायला जाहिरातीचे किती रुपये पडले, याचा कागद त्याच्यापुढे आहे.